पाणी निवविणारे मनोरे

नागपुरास किंवा चंद्रपुरास ज्यांनीं एक उन्हाळा आणि त्यामागून येणारा एक पावसाळा काढला आहे, त्यांना कूलरचा स्वभाव निराळा सांगावयास नको. मे महिन्यांत बाहेर रस्त्यावरील डांबर पाघळत असतें. परंतु वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून खेंचून घेतलेली हवा खोलींत येतांच जीव निवतो. तोच कूलर, तेंच पाणी, तोच पंखा. पण मृगाचे दोनचार पाऊस पडून गेले कीं सारें निकामी होतें. पारा दहा-बारा अंशांनीं उतरलेला असतो, तरी घरांतील माणसें घामाघूम होतात, उशा ओलसर लागतात, आणि कोणीतरी उठून पाण्याचा पंप बंद करून टाकतो. घराघरांतून दरवर्षीं येणारा हा अनुभव ज्याच्या ध्यानांत राहिला, त्याला मोठमोठ्या वीजकेंद्रांतील आणि कारखान्यांतील शीतन-मनोऱ्यांचें निम्मेंअधिक मर्म समजलें असें म्हणावयास हरकत नाहीं. उरलेलें मर्म त्या मनोऱ्यांच्या निगेंत आहे, आणि ती निगा ऋतूप्रमाणें बदलते.

चंद्रपुराहून ताडोब्याच्या अरण्याकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत महाऔष्णिक वीजकेंद्र लागतें. २९२० मेगावॅट शक्तीचें हें केंद्र राज्यांतील अत्यंत मोठ्या केंद्रांपैकीं एक. तेथील उंच व बारीक धुराडीं निराळीं, आणि डमरूप्रमाणें कमरेंत आवळलेले ते रुंद, पोकळ मनोरे निराळे. मनोऱ्यांच्या तोंडांतून पांढरे लोट निघत असतात, आणि मोटारींतून जाणारा प्रवासी आपल्या मुलांना 'तो पाहा धूर' म्हणून दाखवितो. तो धूर नव्हे. मनोऱ्यांतून वर गेलेली पाण्याची वाफ बाहेरच्या हवेस लागून थिजते व तिचा ढग होतो, इतकेंच. म्हणून हिवाळ्यांतल्या सकाळीं आणि पावसाळ्यांत हे लोट दाट दिसतात, आणि मे महिन्याच्या दुपारीं, मनोरा सर्वांत अधिक पाणी पीत असतो तेव्हां, त्याच्या माथ्यावर पुष्कळदां कांहींच दिसत नाहीं.

कोळशाच्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते, ती टर्बाइनचीं पातीं फिरविते, आणि त्या फिरण्यांतून वीज निर्माण होते, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु काम करून दमलेल्या त्या वाफेचें पुढें काय होतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तिचें पुन्हां पाणी करावें लागतें. त्यासाठीं कंडेन्सर नांवाचें एक मोठें पात्र असतें. त्यांत हजारों बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आंतून थंड पाणी वाहतें आणि बाहेरून येणारी वाफ त्यांवर थिजते. वाफ थिजतांच तिनें व्यापलेली जागा मोकळी होते, पात्रांत पोकळी निर्माण होते, आणि ही पोकळी टर्बाइनमधील वाफेस जणूं पुढून ओढून घेते. पोकळी जितकी चांगली, तितकी तेवढ्याच कोळशांत वीज अधिक. या कामीं ५०० मेगावॅटच्या एका संचास तासाला सुमारें ६० हजार घनमीटर, म्हणजे ६ कोटि लिटर पाणी फिरवावें लागतें, आणि तें कंडेन्सरमधून बाहेर पडतें तेव्हां सुमारें १० अंशांनीं तापलेलें असतें.

तुर्भे किंवा डहाणू येथील केंद्रें खाडीच्या व समुद्राच्या कांठीं असल्यामुळें हें तापलेलें पाणी परत सोडून देऊन दुसरें घेण्याची सोय त्यांना आहे. विदर्भांतील इरईसारख्या नदीला एवढें दान कोठून परवडणार? तेथें तेंच पाणी निववून पुन्हां पुन्हां वापरणें प्राप्त आहे, आणि म्हणून मनोरा.

मनोऱ्याच्या पोटांत, जमिनीपासून कांहीं मीटर उंचीवर, तापलेलें पाणी असंख्य तोट्यांतून फवारलें जातें. तोट्यांच्या खालीं प्लास्टिकच्या नागमोडी पत्र्यांचे गठ्ठे रचलेले असतात. कामगार त्यांस 'फिल' म्हणतात. जुन्या मनोऱ्यांतून त्या जागीं लांकडाच्या पट्ट्या असत. उद्देश एकच: पाण्याचा पातळ पापुद्रा व्हावा आणि खालून वर चढणाऱ्या हवेशीं त्याची जास्तींत जास्त गांठ पडावी. त्या गांठींत पाण्याचा अल्प अंश वाफ होऊन उडून जातो आणि जातांना मागें राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. एक लिटर पाण्याची वाफ होतांना जी उष्णता लागते, तेवढ्यानें सुमारें ५८ लिटर पाणी १० अंशांनीं निवतें. माठांतलें पाणी गार होतें तें याच न्यायानें. निवलेलें पाणी खालच्या हौदांत सांचतें व पंपांच्या द्वारें पुन्हां कंडेन्सरकडे जातें.

हवा वर चढविण्याच्या तऱ्हा दोन. एकींत मोठे पंखे बसविलेले असतात. दुसरींत पंखा नसतोच. मनोरा शंभर मीटर किंवा त्याहूनहि उंच बांधलेला असतो, आणि आंतील ऊन व ओली हवा बाहेरच्या हवेहून हलकी असल्यामुळें आपोआप वर जाते. डमरूच्या आकाराचा असा पहिला मनोरा हॉलंडमधील हेरलेन गांवाजवळ एम्मा नांवाच्या सरकारी कोळसाखाणीवर १९१८ सालीं उभा राहिला. व्हान इटर्सन व कायपर्स हे त्याचे कर्ते. या आकाराची खुबी अशी कीं कमींत कमी काँक्रीटांत तो उभा राहतो. किती कमी, हें इंग्लंडांतील फेरीब्रिज येथील मनोऱ्यांवरून कळावें. ते सुमारें ११४ मीटर उंच होते आणि त्यांच्या भिंतीची जाडी बऱ्याच ठिकाणीं अवघी पांच इंच होती. १ नोव्हेंबर १९६५ रोजीं सोसाट्याच्या वाऱ्यांत त्यांच्यापैकीं तीन एकामागून एक कोसळले. दोष आंखणींतला होता, निगेंतला नव्हे. तरी एवढ्या पातळ भिंतीच्या आंत बाराहि महिने ऊन दमट हवा कोंडलेली असते, आणि काँक्रीटाला बारीकशी जरी चीर पडली तरी आंतील लोखंडास गंज धरतो, ही गोष्ट तेव्हांपासून कोणी हलकी मानीत नाहीं.

आतां कूलरच्या प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाहीं. मनोरा पाणी कोठवर निववूं शकतो, याचा निर्णय साधा तापमापक करीत नाहीं. तापमापकाच्या गोळ्याला ओलें फडकें गुंडाळून त्यावर वारा घातला असतां पारा जेथवर उतरून थांबतो, ती त्या हवेंत पाणी निवण्याची सीमा होय. हवा कोरडी असेल तर फडक्यांतील पाणी झपाट्यानें उडतें आणि पारा पुष्कळ उतरतो. हवा दमट असेल तर पाणी उडण्यास जागाच नसते आणि पारा उतरत नाहीं. मे महिन्यांतील विदर्भाची एक दुपार घ्यावी: उष्णमान ४३ अंश सेंटिग्रेड, हवेंत आर्द्रता शेंकडा २०. ओल्या फडक्याचा पारा सुमारें २५ अंशांवर उतरतो. नंतर जुलैचा एक ढगाळ दिवस घ्यावा: उष्णमान ३० अंश, आर्द्रता शेंकडा ८५. ओल्या फडक्याचा पारा २८ अंशांवरच अडतो. बाहेर १३ अंशांनीं गारवा आला, आणि निवण्याची सीमा मात्र ३ अंशांनीं वर चढली!

चांगल्या स्थितींतला पंख्यांचा मनोरा या सीमेच्या वर चार-पांच अंशांपर्यंत पाणी आणून सोडतो. म्हणजे मे महिन्यांत सुमारें ३० अंशांचें पाणी देणारा मनोरा जुलैंत ३३ अंशांचें देतो. कंडेन्सरमध्यें वाफ थिजण्याचें उष्णमान तितकेंच वर सरकतें, पोकळी तितकी मंदावते, आणि तेवढीच वीज काढण्यास कोळसा अधिक जाळावा लागतो. पाऊस लागला, आतां मनोऱ्याची काळजी मिटली, ही समजूत अनेक कारखान्यांतून आढळते. ती नुसती चुकीची नव्हे, तर महागाची आहे. दमट हवेंत मनोऱ्याच्या हातीं फार थोडी शिल्लक राहते. एरवीं शंभरांतील दहा तोट्या तुंबल्या तरी खपून जातें. जुलैंत तो दोष लगेच कोळशाच्या हिशेबांत दिसतो.

पंखा नसलेल्या उंच मनोऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचा ओढा आंतील व बाहेरील हवेच्या वजनांतील फरकावर अवलंबून असतो, आणि मे महिन्याच्या दुपारीं बाहेरची हवाच इतकी तापून हलकी झालेली असते कीं आंतील हवेला वर चढण्याचा उत्साह राहत नाहीं. त्याला दोन्ही ऋतु जड जातात. म्हणूनच मनोरा कोणत्या जातीचा आहे हें न पाहतां एकच वेळापत्रक सगळीकडे चिकटविणारे अधिकारी फसतात.

निगेचें वर्ष खरोखर फाल्गुनांत सुरू होतें. उन्हें तापण्यापूर्वीं एकेक मनोरा क्रमानें बंद करून फिलमधील गाळ धुवून काढावयाचा, तोट्या उघडून पाहावयाच्या, तुटलेल्या बदलावयाच्या. एखादी तोटी तुंबली तर तिच्या खालचा भाग कोरडा राहतो आणि हवा वाट काढते ती नेमकी तेथून, कारण तेथें अडथळा कमी. म्हणजे हवाहि फुकट गेली आणि पाणीहि निवलें नाहीं. पंख्याच्या पात्यांचा कोन सर्व पात्यांस सारखा आहे किंवा नाहीं हें मोजावयाचें. कोन वाढविला कीं वारा वाढतो, परंतु मोटरवरील भार त्याहून वेगानें वाढतो. तेव्हां पातीं वळवून मोटरचा विद्युत्प्रवाह पाहणें हें काम एकाच वेळीं व्हावें लागतें. हीं कामें रूक्ष खरीं, परंतु त्यांत कोडें कांहीं नाहीं.

उन्हाळ्याचें खरें कोडें पाण्याच्या रसायनांत आहे. मनोऱ्यांतून उडून जातें तें शुद्ध पाणी. त्यांत विरघळलेले क्षार उडत नाहींत, ते मागेंच राहतात. ५०० मेगावॅटच्या संचाचें भर उन्हाळ्यांत तासाला सुमारें एक हजार घनमीटर पाणी असें उडून जातें. त्याची भरपाई करण्यास जें नवें पाणी घ्यावें, तें आपले क्षार घेऊन येतें. हें असेंच चालूं दिलें तर कांहीं दिवसांत चहाच्या किटलीच्या बुडाशीं बसते तशी चुन्याची पांढरी खपली कंडेन्सरच्या नळ्यांत बसूं लागते. आणि अशी पातळ खपलीहि उष्णतेची वाट अडविते. म्हणून हौदांतील खारट झालेलें पाणी थोडें थोडें सोडून द्यावें लागतें. किती सोडावें, यांतच सारें कौशल्य. भरपाईच्या पाण्याच्या तिप्पट क्षार झाले कीं पाणी सोडावयाचें असें ठरविल्यास उडून जाणाऱ्या एक हजारामागें आणखी पांचशे घनमीटर वाहून जातें. औषधें घालून, थोडें आम्ल देऊन, पांचपट क्षारांपर्यंत धीर धरतां आला, तर तोच खर्च अडीचशेंवर येतो. तासाला अडीचशे घनमीटर वांचलें. दिवसाला सहा हजार. उन्हाळ्यांत धरणाचा तळ दिसूं लागला असतांना एवढें पाणी म्हणजे एका लहानशा शहराची तहान आहे.

धीर फार धरला तर मात्र नळ्या भरतात. आणि पंचाईत अशी कीं ज्या दिवसांत पाणी वांचविण्याची निकड सर्वांत अधिक, त्याच दिवसांत धरणांतील उरलेलें पाणीहि आटून आधींच जड झालेलें असतें. मार्चमध्यें चाललेला औषधांचा हिशेब मेमध्यें चालत नाहीं. दर पाळीस पाण्याची विद्युद्वाहकता मोजून क्षारांचें प्रमाण ताडावें लागतें, आणि पाण्याचा कठीणपणा प्रयोगशाळेंत तपासावा लागतो. पाणीच संपलें तर निगेचा प्रश्नहि संपतो: फेब्रुवारी २०१३ मध्यें मराठवाड्यांतील दुष्काळांत परळीचें औष्णिक केंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें. पुढें डिसेंबर २०१५ मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें असा नियम केला कीं मनोरे असलेल्या जुन्या वीजकेंद्रांनीं दर मेगावॅट-तासामागें साडेतीन घनमीटरांहून अधिक पाणी वापरूं नये.

पाण्याच्या या ओढीमुळें नागपूरजवळील कोराडीच्या केंद्रानें शहराचें सांडपाणी शुद्ध करून घेण्याची वाट धरली. ही योजना सर्वतोपरी स्तुत्य आहे. परंतु तिनें मनोऱ्याची निगा सोपी केली असें मात्र नव्हे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यांतहि थोडा अमोनिया आणि थोडे फॉस्फेट उरतात. अमोनिया जंतुनाशक क्लोरीन खाऊन टाकतो व तांब्याच्या मिश्रधातूंच्या नळ्यांना झिजवितो. फॉस्फेट कॅल्शियमशीं जुळून निराळीच खपली धरतें. आणि दोन्ही मिळून शेवाळ व जंतूंना उत्तम खत होतात. शहराचें पिण्याचें पाणी वांचतें, त्याची किंमत रसायनशाळेंतील माणसांच्या दक्षतेनें चुकवावी लागते.

मान्सून विदर्भांत साधारण जूनच्या मध्यास पोंचतो. त्यापूर्वींचे तीन आठवडे मनोऱ्याच्या दृष्टीनें वर्षांतले अत्यंत मोलाचे असतात, आणि नेमके तेच उन्हाच्या तडाख्यांत व विजेच्या मागणीच्या धांदलींत हातचे निसटतात. या दिवसांत पंख्यांच्या दंतचक्रपेटीकडे प्रथम लक्ष द्यावें लागतें. ही पेटी मनोऱ्याच्या अगदीं तोंडाशीं, ओल्या व ऊन हवेच्या झोतांत बसलेली असते. तिच्या श्वासनळीवाटें किंवा झिजलेल्या चकतीवाटें आंत ओल शिरली कीं तेल ताकासारखें पांढरट होतें. असें तेल वंगणाचें काम करीत नाहीं आणि दांते खरवडून निघतात. नमुन्याची एक बाटली भरून उजेडांत धरली तरी हा रोग ओळखतां येतो. त्याखालोखाल मोटर. तिच्या गुंडाळ्यांची विद्युत्-रोधकता मेगरनें मोजावयाची, तारांच्या पेट्यांचीं झांकणें घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहावयाचें, आणि मोटर बंद असतां तिला ऊब देणारी तार चालू आहे याची खात्री करावयाची. वादळी पावसाच्या पहिल्या रात्रीं बंद असलेली मोटर सकाळीं चालू करतांना जळाली, असें जेथें होतें तेथें बहुधा ही लहानशी तारच तुटलेली सांपडते. विजेच्या निवारकाची जोडणी, मनोऱ्याच्या शिड्या व कठडे, भिंतींतील चिरा, हौदाच्या चाळण्या, भोंवतालचीं गटारें हींहि याच दिवसांत पाहून घ्यावयाचीं. पावसांत ओल्या शिडीवर चढून बोल्ट आंवळणें हें शहाणपणाचें काम नव्हे.

आणि मग पाऊस येतो. दोनच दिवसांत भरपाईच्या पाण्याचा रंग पालटतो. उन्हाळ्यांत स्वच्छ परंतु खारट असलेलें पाणी आतां गोडें परंतु चिखलाचें झालेलें असतें. क्षारांचा त्रास कमी होतो, गाळाचा सुरू होतो. घरोघरीं पावसाळ्यांत हंड्यांतून तुरटी फिरवितात. वीजकेंद्रांतील गाळणीच्या मोठ्या टाक्यांतहि तत्त्व तेंच आहे, मात्र तुरटीची मात्रा नदीच्या रंगाप्रमाणें दिवसांतून अनेकदां बदलावी लागते. तरीहि बारीक चिकणमाती निसटून येतेच, आणि फिलच्या नागमोडी फटींत ती बसूं लागते. फटी जितक्या बारीक तितकें पाणी चांगलें निवतें, परंतु तितक्याच त्या लौकर बुजतात. गाळानें भरलेला गठ्ठा जड होऊन खचतो, तुकडे खालीं पडतात आणि पंपांच्या चाळण्यांवर जाऊन बसतात. म्हणून जेथें पाणी गढूळ येण्याचें भय अधिक, तेथें बारीक फटींच्या फिलचा मोह टाळून पाणी नुसतें आपटून फुटावें अशा पट्ट्या वापरणारे यंत्रज्ञ अधिक दूरदर्शी म्हणावे लागतील. कागदावर त्यांचा मनोरा थोडा उणा दिसतो. तीन पावसाळ्यांनंतर तोच पुढें असतो. याशिवाय रात्रीं दिव्यांवर झेपावणारे किडे, वाऱ्यानें आलेला पाचोळा, पिशव्यांचे तुकडे हें सर्व हौदांत येतें, आणि चाळण्या दर पाळीस झाडाव्या लागतात.

परंतु गाळाहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि तिचा संबंध केवळ वीजकेंद्रांशीं नाहीं. हौदांतलें पाणी ३० ते ४० अंश ऊन, त्यांत माती, शेवाळ आणि किड्यांचे अवशेष, वर भरपूर हवा: सूक्ष्म जंतूंना याहून चांगलें घर मिळणें कठीण. ओलसर पृष्ठभागांवर ते एक बुळबुळीत लेप तयार करतात. हा लेप उष्णता अडविण्याच्या कामीं चुन्याच्या खपलीलाहि मागें टाकतो आणि त्याच्या आड धातु गंजतो. परंतु मुख्य भय निराळेंच. जुलै १९७६ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत माजी सैनिकांचें संमेलन एका हॉटेलांत भरलें होतें. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथें येऊन गेलेल्यांना व आसपासच्यांना फुप्फुसदाहाचा विकार होऊं लागला. २२१ जण आजारी पडले आणि त्यांतील ३४ दगावले. कारण सांपडण्यास पुढील जानेवारी उजाडावा लागला. सैनिकांच्या संघटनेवरून त्या जंतूला लेजिओनेला असें नांव पडलें. हा जंतु साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यांत वाढतो, बुळबुळीत लेपाच्या व अमीबांच्या आश्रयानें राहतो, आणि मनोऱ्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवर बसून माणसाच्या श्वासांत जातो. तो एका माणसापासून दुसऱ्यास सहसा लागत नाहीं. पाण्याच्या तुषारांतून लागतो. २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागांत अशीच सांथ आली आणि तिचा माग एका हॉटेलाच्या गच्चीवरील मनोऱ्यापर्यंत लागला. त्याच वर्षीं त्या शहरानें प्रत्येक शीतन-मनोऱ्याची नोंदणी व नियमित तपासणी कायद्यानें सक्तीची केली.

वाफ आणि तुषार यांतील भेद येथें नीट लक्षांत घ्यावयास हवा. वाफेबरोबर जंतु जात नाहींत, क्षारहि जात नाहींत. तुषार म्हणजे हौदांतलेंच पाणी, त्यांत जें असेल तें घेऊन उडणारें. ते अडविण्यासाठीं फिलच्या वर वांकड्यातिकड्या मार्गाच्या पडद्या बसवितात. हवा त्यांतून वळत जाते आणि थेंब वळूं न शकल्यानें भिंतीस लागून खालीं ठिबकतात. अशी एखादी पडदी निखळून पडली तरी यंत्र बंद पडत नाहीं, पाणी निवण्यांतहि कांहीं फरक पडत नाहीं, आणि म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाहीं. मुंबई-पुण्याकडील रुग्णालयें, हॉटेलें व कचेऱ्या यांच्या गच्च्यांवर अनेक ठिकाणीं लहान शीतन-मनोरे असतात. वीजकेंद्रांत निदान रसायनज्ञ असतो. गच्चीवरच्या मनोऱ्याची जबाबदारी पुष्कळदां एका कंत्राटदाराच्या महिन्याच्या फेरीवर सोडलेली असते. शेजारच्या इमारतीच्या खिडक्या आणि हवा आंत घेणारीं तोंडें त्या तुषारांच्या टप्प्यांत आहेत किंवा नाहींत, एवढें जरी रहिवाशांनीं गच्चीवर जाऊन पाहिलें, तरी तें व्यर्थ जाणार नाहीं.

क्लोरीन हा या जंतूंवरील नेहमींचा उपाय. परंतु तो आंधळेपणानें करून भागत नाहीं. पाणी क्षारधर्मी झालें, म्हणजे त्याचा पी. एच्. आठाच्या वर गेला, कीं क्लोरीनचा प्रभाव झपाट्यानें उणावतो. आणि मनोऱ्यांतील पाणी तर स्वभावतःच तिकडे झुकणारें. पाणी गढूळ असलें तर मातीच व सेंद्रिय मळच क्लोरीन खाऊन टाकतो. एकाच औषधास जंतु दाद देईनासे होऊं नयेत म्हणून आलटून-पालटून दुसरीं जंतुनाशकें द्यावीं लागतात. आणि लेप जाड झाला असेल तर कोणतेंहि औषध त्याच्या तळापर्यंत पोंचत नाहीं. तेथें ब्रश आणि हातच पाहिजेत. मनोरा कांहीं दिवस बंद राहून पुन्हां चालू होतो तो क्षण सर्वांत धोक्याचा. सांचलेल्या कोमट पाण्यांत वाढलेले जंतु पंखा फिरूं लागतांच एकदम हवेंत येतात. म्हणून बंद मनोरा चालू करण्यापूर्वीं पंखा न लावतां पाणी फिरवून त्यास क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी, असा परिपाठ आहे.

हें काम करणाऱ्या माणसांविषयीं फारसें बोललें जात नाहीं. हौदांतील गाळ काढण्यास उतरणारा कामगार बहुधा रोजंदारीवरचा असतो. कुजलेल्या गाळांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यासारखी त्याची घाण प्रथम येते, परंतु वायु वाढला कीं नाकाची जाणीवच बधिर होते आणि घाण गेली असें वाटतें. म्हणून आंतील हवा उपकरणानें तपासल्यावांचून व वर एक माणूस उभा ठेवल्यावांचून कोणास उतरूं देऊं नये. पंख्याच्या मोटरचा विद्युत्प्रवाह तोडून तेथें कुलूप लावावें आणि किल्ली आंत उतरणाऱ्याच्याच खिशांत असावी. तसेंच जोराच्या पाण्याच्या झोतानें फिल धुतांना जे तुषार उडतात त्यांत वर सांगितलेले जंतु असूं शकतात. नाकातोंडावर नुसता रुमाल बांधून ते अडत नाहींत, त्यास योग्य मुखवटाच लागतो. हा मुखवटा फार महाग नाहीं. दंतचक्रपेटीच्या एका बिघाडापुढें तर त्याची किंमत नगण्यच ठरावी.

ऑक्टोबरांत उघाड पडते, ऊन पुन्हां चटकूं लागतें, परंतु हवा कोरडी होत आलेली असते आणि मनोऱ्याला श्वास घेण्यास सवड मिळते. हौद उपसून पावसाळ्याचा गाळ बाहेर काढतात, त्याची जाडी मोजतात, आणि गाळणीच्या टाक्यांनीं यंदा काम कसें केलें याचा निवाडा त्यावरून होतो. फिलचा एखादा गठ्ठा बाहेर काढून तराजूवर ठेवतात. कोऱ्या गठ्ठ्याहून तो किती जड भरला यावरून पुढील फाल्गुनांत किती बदलावे लागतील याचा अंदाज बांधतां येतो. नोव्हेंबर-डिसेंबरांत रात्रीचा ओल्या फडक्याचा पारा इतका खालीं येतो कीं सर्व पंखे चालविण्याची गरज उरत नाहीं. जेथें पंख्याची गति निम्मी करण्याची सोय आहे, तेथें ती निम्मी करतांच वीज जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते, कारण पंख्यास लागणारी शक्ति गतीच्या घनाप्रमाणें बदलते. एकेक पंखा पाळीपाळीनें थांबवून त्याची पेटी उघडण्यास, पातीं उतरवून तोलण्यास, आणि चिरा गेलेल्या भिंतीवर काँक्रीटाचा हात फिरविण्यास हीच वेळ बरी. हिवाळ्याच्या पहांटे, मनोऱ्यांवरचे लोट दाट होऊन दूरवर दिसतात तेव्हां, आंतील कामगार बहुधा या कामांत असतात.